मिरवणुकीकडे पाठ फिरवणारा कॅमेरा

नोव्हेंबर १९५५. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावर मिरवणूक चालली होती. छायाचित्रकार रॉबर्ट फ्रँक तिचे फोटो काढत होते. मध्येच ते मागे वळले, तेव्हा समोरून ट्रॅम जात होती. पुढच्या खिडक्यांत गोरे प्रवासी, मागच्या खिडक्यांत कृष्णवर्णीय. फ्रँक यांनी ते दृश्य टिपले. काही आठवड्यांनी, १ डिसेंबरला, माँटगोमेरीत कृष्णवर्णीय रोझा पार्क्स यांनी गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला नकार दिला आणि वर्णभेदाचा हा अन्याय देशभर गाजू लागला. फोटोत तो आधीच आला होता, कुणाला न खटकणाऱ्या रोजच्या प्रवासासारखा.

रोजच्या रस्त्याचे फोटो महत्त्वाचे ठरतात ते यामुळे.

स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले फ्रँक गुगेनहाइम शिष्यवृत्तीच्या बळावर, जुनी फोर्ड गाडी आणि लायका कॅमेरा घेऊन अमेरिकाभर फिरले. पेट्रोलपंप, रस्त्याकडेची उपाहारगृहे, ज्यूकबॉक्स, अंत्यविधीला आलेली आणि मोटारींना टेकून उभी राहिलेली माणसे असे त्यांचे विषय होते. आर्कान्सामध्ये पोलिसांनी त्यांना संशयावरून काही तास कोठडीत ठेवले. परका माणूस गाडीत कॅमेरे घेऊन का हिंडतो, हेच पोलिसांना कळेना.

फ्रँक यांनी ७६७ रोल, म्हणजे सुमारे २७ हजार फोटो काढले. त्यांतून हजारभर प्रिंट केले, भिंतीवर लावले, पुन्हा पुन्हा पाहिले. ‘द अमेरिकन्स’ या पुस्तकात शेवटी उरले फक्त ८३. हे पुस्तक १९५८ मध्ये पॅरिसमध्ये आणि १९५९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले. तिथल्या काही समीक्षकांनी त्याला देशाची बदनामी ठरवले. आज छायाचित्रणाच्या इतिहासात त्याला वगळून पुढे जाता येत नाही.

फिल्मचा रोल ३६ फोटोंत संपायचा, म्हणून फ्रँक थोर झाले असे नव्हे. एवढे फोटो काढल्यावर ८३ वगळता बाकी सारे बाजूला ठेवण्याची कठोरता त्यांच्याकडे होती. मोबाइलमुळे फोटो काढणे सोपे झाले, निवडणे मात्र तितकेच अवघड राहिले आहे.

आपल्याकडे वारीच्या वाटेवर हजारो कॅमेरे असतात, पण एसटी स्टँडवर रात्र काढणाऱ्या प्रवाशांकडे किंवा ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांच्या ट्रॅक्टरकडे त्यांतले थोडेच वळतात. वृत्तपत्रांनी आठवड्यातून एक कोपरा अशा फोटोंना द्यावा. फोटोग्राफी शिकवणाऱ्या संस्थांनी विद्यार्थ्यांना एकच रस्ता वर्षभर टिपायला सांगावा, आणि वर्षअखेरीस त्यांच्याकडून मोजकेच वीस फोटो मागावेत.