टेकडीची वहिवाट आणि सायकलींचा जथा

रविवारी पहाटे पंधरा-वीस जणांनी माउंटन बाईक घेऊन पुण्याच्या वेताळ टेकडीवर जाण्याचा बेत केला, म्हणजे खल बहुधा गिअरांचा, टायरांचा आणि न्याहारीला कोठे थांबावयाचे याचाच होतो. टेकडीवरच्या वाटा किती माणसे सोसतील, हा प्रश्न क्वचितच कोणाच्या मनात येतो. वस्तुतः बेताचा आरंभ तेथून व्हावयास हवा. समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंचीच्या आणि चहूकडून वस्तीने वेढलेल्या या टेकडीवरील मुरमाड पायवाटा कित्येक ठिकाणी एका माणसापुरत्याच रुंद असून, त्यांवर फिरावयास येणाऱ्या पादचाऱ्यांची वहिवाट सायकलस्वारांहून कितीतरी जुनी आहे. उतारावरून भरधाव येणाऱ्या जथ्याला वाट देण्यासाठी एखाद्या वृद्ध गृहस्थास काटेरी झुडपांत उभे राहावे लागत असेल, तर ती सहल कितीही शिस्तीची असो, मी तिला अतिक्रमणच म्हणेन. जथा पाच-सहा जणांहून मोठा नसावा, झालाच तर त्याच्या तुकड्या करून त्या निरनिराळ्या वेळी सोडाव्यात. आणि वनखात्याच्या हद्दीत सायकलींना कोठे मज्जाव आहे याची चौकशी आधीच करावी, फाटकाशी पहारेकऱ्याबरोबर हुज्जत घालीत नव्हे.

आषाढ-श्रावणात टेकडी हिरवीगार होते आणि नेमका तेव्हाच मोह अनावर होतो. परंतु भिजल्या मातीत टायरांनी पाडलेल्या चाकोऱ्यांतून पुढच्या सरीचे पाणी वाहू लागते, आणि चिखल चुकविण्यासाठी जो तो कडेच्या गवतावरून जाऊ लागल्याने वाट रुंदावत जाते. त्या दिवसांत पुण्याजवळचा डांबरी बोपदेव घाट चढावा. दम तेथेही पुरेसा लागतो.

मात्र खरी हेळसांड होते ती जथ्यातील दुर्बळाची. पुढे गेलेले गडी माथ्यावर पाणी पीत, गप्पा मारीत थांबतात, आणि मागे राहिलेला धापा टाकीत तेथे पोचतो न पोचतो तोच ‘चला’ असा हुकूम सुटतो. म्हणजे विश्रांतीची सर्वाधिक गरज ज्याला, त्यालाच ती मुळीच मिळत नाही, आणि पुढच्या खडकाळ उतारावर थकल्या हातांनी ब्रेक दाबताना पडतो तोही बहुधा तोच. आपण त्याच्यासाठी थांबलो होतो असे मंडळींना प्रामाणिकपणे वाटत असल्यामुळे त्यांच्याजवळ दाद मागण्याचीही सोय नसते. विश्रांतीचा हिशेब शेवटचा माणूस पोचल्यापासून मांडावा, फाट्यावर मागचा दृष्टीस पडल्याखेरीज पुढच्याने हलू नये, आणि पंप, जादा ट्यूब व हत्यारे घेऊन एक अनुभवी माणूस सर्वांच्या शेवटी ठेवावा, कारण बाभळीच्या काट्याने पंक्चर झालेल्याला पुढे निघून गेलेल्या पंपाचा काडीचाही उपयोग नसतो. या कामी नेमलेला वेगवान गडी कुरकुरेल. ती कुरकुर ऐकून घ्यावी, नेमणूक बदलू नये.