नित्याची प्रार्थना

संकट आलें म्हणजे प्रार्थना आठवते, हें मनुष्यस्वभावास धरूनच आहे. सन २०१६ च्या ऑगस्टांत महाडजवळ सावित्रीवरील जुना पूल पुरांत कोसळला. २०२१ च्या जुलैंत तळिये गांवावर दरड आली. त्या वेळीं देवाचें नांव कोणाच्या ओठीं नव्हतें? पण पूर ओसरतांच प्रार्थनाही ओसरावी काय? प्रभूनें भाकर रोजची रोज मागावयास व दार लावून एकांतांत प्रार्थना करावयास शिकविलें. आमची विनंती इतकीच, कीं विद्यार्थ्यांनीं अभ्यासापूर्वीं आपल्या साध्या मराठींत चार शब्द बोलावे. त्यांत पोलादपूरच्या डोंगरपायथ्याशीं राहणाऱ्या शेजाऱ्याचें नांव घ्यावें. ज्याच्यासाठीं रोज मागितलें, त्याच्या दारीं संकटकाळीं पाय आपोआप वळतात. आईबापांनींही घरांत तेवढा वेळ शांतता राखावी, आणि स्वतः गुडघे टेकावे.