गोंडस खाऊ: त्यांचा आणि आपला

परदेशातल्या थीम पार्कमध्ये जाऊन तिथला गोंडस खाऊ खाणाऱ्यांना हसणारी एक जमात पुण्यात आहे. "एवढे पैसे घालून टोकियोला गेलात आणि केलंत काय, तर मिकीच्या तोंडाचं वॅफल खाल्लंत?" दुसरी जमात स्वतःच तिकडे जाते, पण बॅगेत ठेपले, चिवडा आणि लोणच्याची बाटली घेऊन. आणि तिसरी जमात म्हणजे तुम्ही-आम्ही. आयटीवाले, पंचविशी ते चाळिशीतले, ऑनसाईटच्या निमित्ताने नाहीतर ईएमआयवर जग बघणारे. आपण तिथे सगळं खातो, फोटो काढतो, आणि परत आल्यावर संक्रांतीच्या आधी हलव्याच्या दागिन्यांच्या सेटवर शंभर रुपयांसाठी घासाघीस करतो.

आजचं भांडण या तिसऱ्या जमातीशी आहे. पण आधी पहिल्या दोघांचा निकाल लावू.

हसणाऱ्यांना एवढंच सांगायचंय की तो खाऊ म्हणजे पोरकटपणा नाही, ते नीट विचार करून केलेलं काम आहे. २००१ साली उघडलेल्या टोकियो डिस्नीसीचं उदाहरण घ्या. तिथे 'टॉय स्टोरी'मधल्या तीन डोळ्यांच्या हिरव्या परग्रहवासीयाच्या आकाराचे मोची मिळतात. एका कपात तीन, आणि तिघांच्या पोटात वेगवेगळं: कस्टर्ड, स्ट्रॉबेरी, चॉकलेट. डोनाल्ड डकच्या पाण्यात तरंगायच्या ट्यूबच्या आकाराचा वाफवलेला पाव मिळतो, आत कोळंबी. पॉपकॉर्नच्या गाड्यांवर गाडीगणिक चव वेगळी. करी फ्लेवरसुद्धा असतो, आणि त्याला रांग लागते (हो, करी! आणि आपण तिथे लोणचं नेतो). पॉपकॉर्नची बादली गळ्यात अडकवायची, संपलं की कमी पैशात पुन्हा भरून घ्यायची. हात मोकळे राहतात.

इंजिनिअरच्या नजरेने याचा स्पेक लिहिला तर चार ओळींचा होतो. एक, ती गोष्ट सहसा तिथेच मिळाली पाहिजे. दोन, तिचा आकार गोष्टीतून आला पाहिजे. तीन, चालता चालता खाता आली पाहिजे. चार, चवीला खरोखर चांगली पाहिजे, कारण पहिल्या तीन गोष्टींवर माणूस एकदा घेतो, चौथीवर दुसऱ्यांदा. ठेपलेवाल्यांनो, तुम्ही पार्कचं तिकीट काढून अर्धा पार्क बाहेरच ठेवून येता. (ज्यांचा शाकाहार पक्का आहे त्यांनी विचारून खावं हे ठीकच, तिथल्या ग्योझा डॉगमध्ये डुकराचं मांस असतं.)

आता मुद्द्यावर येतो.

जपानमध्ये 'कोम्पेइतो' नावाचा एक खाऊ आहे. साखरेचा छोटासा दाणा, अंगभर काटे असलेला, रंगीत. मियाझाकीचा 'स्पिरिटेड अवे' पाहिला असेल तर त्यात ते काजळीचे इवलेसे गोळे ज्याच्यावर तुटून पडतात तो हा खाऊ. मुळात तो जपानी नाहीच. नाव पोर्तुगीज 'कॉन्फेइतो'वरून आलं, आणि १५६९ साली लुईश फ्रॉइश नावाच्या जेझुइट पाद्र्याने ओडा नोबुनागाला तो काचेच्या बाटलीत घालून नजर केला. आज क्योटोमध्ये १८४७ पासून चालणारं एक दुकान फक्त कोम्पेइतो करतं. तापलेल्या, तिरक्या, फिरत्या मोठ्या कढईत दाण्यांवर थोडा थोडा पाक सोडत राहायचं. एका घाण्याला दोन आठवड्यांहून जास्त लागतात. जपानच्या राजघराण्यातल्या समारंभांत पाहुण्यांना नाजूक छोट्या डब्यांतून हाच दिला जातो. तोराहिको तेरादा या भौतिकशास्त्रज्ञाने तर याच्यावर लिहिलंय: गोल दाण्यावर सगळीकडून सारखाच पाक पडतो, मग काटे का यावेत?

वर्णन ओळखीचं वाटतंय ना? वाटायलाच हवं. हा आपला संक्रांतीचा हलवा आहे हो!

परातीत खसखस किंवा तीळ, खाली मंद आच, चमच्याने थोडा थोडा पाक, आणि बोटांनी सतत हलवत राहणं. दिवसचे दिवस. आच जास्त झाली की दाणे चिकटतात, पाक जास्त पडला की काटा बसतो. थंडीतली कोरडी हवा लागते. बोटं भाजतात ती वेगळीच. मग त्या दाण्यांची माळ, मुकुट, बासरी, बाजूबंद, जावयासाठी नारळ आणि घड्याळ. बोरन्हाणाला वर्षाच्या बाळाला हे सगळं घालून पाटावर बसवतात, ते दृश्य एखाद्या थीम पार्कने विकत दिलं असतं तर आपण त्याला 'कॅरेक्टर एक्स्पीरियन्स' म्हणून वेगळं तिकीट काढलं असतं.

तीच साखर, तोच काटा, तेच भाजलेले हात. क्योटोतला डबा आपण किंमत न विचारता उचलतो आणि घरी आणून शोकेसमध्ये ठेवतो. पुण्यातला सेट घेताना म्हणतो, "काकू, साखरच तर आहे, द्या की कमी करून." अहो, तुमचा प्रोग्राम पण शेवटी कीबोर्ड बडवणंच आहे. क्लायंटने असं म्हटलं तर कसं वाटेल?

पॉपकॉर्नच्या त्या प्लॅस्टिकच्या बादलीला आपण काही हजार येन मोजतो. तिथे घासाघीस करत नाही, कारण तिथे किंमत छापलेली असते आणि विकणारा युनिफॉर्ममध्ये असतो. इथे विकणारी बाई आपल्या आईच्या ओळखीची असते. म्हणजे आपण कारागिरीला पैसे देतच नाही, युनिफॉर्मला देतो. ही गोष्ट मला नुसती हास्यास्पद वाटत नाही, चीड आणणारी वाटते. कारण भाव पाडला की कुठे बचत होते ते सरळ आहे: दिवसांत. दाण्यावर चढणारे पाकाचे थर कमी होतात, काटा जातो, आणि ज्या पोरीने आईकडून हे शिकायचं ती दुसरी नोकरी बघते. तिने बघूच नये असं म्हणायचा आपल्याला काय अधिकार?

यावर येणारे आक्षेप ठाऊक आहेत.

"हे आपलं ते श्रेष्ठ छाप आहे." मुळीच नाही. कोम्पेइतो जपानमध्ये बाहेरूनच गेला. त्यांनी 'हे आपलं का परकं' यावर वाद घातला असता तर आज तो असताच कशाला? त्यांनी तो घेतला, त्यावर पिढ्यान्‌पिढ्या मेहनत केली आणि त्याला किंमत लावली. मला फक्त शेवटच्या पायरीचं बोलायचंय.

"पण हलव्याचे दागिने कोणी खात नाही." हा आक्षेप मात्र खरा आहे, आणि इथे करणाऱ्यांचंही चुकतं. पुठ्ठ्यावर चिकटवलेला, दोऱ्यात ओवलेला, चार घरी फिरून आलेला हलवा कोण तोंडात घालणार? वरच्या स्पेकमधली चौथी ओळ तिथे नापास होते. खाण्याचा हलवा वेगळा करा, वेलची, केशर, आलं, कोकम अशा चवी द्या, झाकणाच्या डब्यात भरा आणि डब्यावर करणाऱ्या बाईचं नाव छापा. मुख्य म्हणजे किंमत छापा. छापलेल्या किमतीपुढे पुणेकरही गप्प बसतो.

"लोक पैसे देणार नाहीत." देतात! उकडीचे मोदक बघा. गणपतीच्या आधी आगाऊ नोंदणी करून, नगावर भाव देऊन, सकाळी रांगेत उभं राहून पुणं मोदक आणतं. कळ्या किती आणि कशा पडल्यात यावर चर्चा करतं. मोदकाने चारही ओळी पास केल्या आणि गणपती घरी येतो त्या दिवशी कोणी घासाघीस करत नाही. मग हलव्यानेच काय घोडं मारलंय? किंवा रुखवतातल्या गव्हल्या, मालत्या, नखुल्या, बोटव्यांनी? इटलीवाल्याने पिठाला फुलपाखराचा आकार दिला की आपण त्याचं नाव नीट उच्चारायला शिकतो. आपल्या नखुल्यांचं नाव ऐकलेली किती मुलं तुमच्या टीममध्ये आहेत, सोमवारी विचारा.

आणि पार्कवाले? खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झालं, २०२२ पासून ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आहे. म्हणजे माणसं इथलीच, येणारी गिऱ्हाइकं पुण्या-मुंबईची. एकूणच आपल्याकडच्या पार्कांतून परत येताना पोरं राईडबद्दल तासभर बोलतात. खाण्याबद्दल काय बोलतात, आठवून बघा. फ्राईज, पिझ्झा, कपातला मका, हे तर घराखालच्या मॉलमध्येही मिळतं. गळ्यात अडकवायची हलव्याची डबी, आत पाच रंग पाच चवी, दुसरीकडे कुठेही न मिळणारी, हे करायला रॉकेट सायन्स लागत नाही. डबी प्लॅस्टिकची काढा हवी तर, कुरकुर करणार नाही.

थोडक्यात, टोकियोला जाल तेव्हा हिरव्या मोचीसाठी बिनधास्त रांगेत उभे राहा. आकार बघून खूश व्हा, फोटो टाका, हसणाऱ्यांना हसू दे. पण त्या आनंदाचे तुम्ही जे पैसे मोजता, ते आकाराला, चवीला आणि कोणाच्या तरी हातांना मोजता हे लक्षात ठेवा. म्हणजे जानेवारीत परातीशी बसलेल्या काकूंनी सांगितलेला भाव ऐकून तोंड उघडेल ते फक्त हलवा टाकायला.