बत्तीत बल्ब नको

दिवाळीत रावेरला गेले होते. जुन्या घराचा माळा रिकामा करायचं काम निघालं आणि धान्याच्या कोठीमागून, पोत्यात गुंडाळलेली, आमची गॅसबत्ती बाहेर आली. पेट्रोमॅक्स. म्हणजे हे खरं तर कंपनीचं नाव, पण आपल्याकडे वनस्पती तूप म्हणजे डालडा तशी कुठलीही गॅसबत्ती म्हणजे पेट्रोमॅक्स. आमची मात्र खरोखरच त्या नावाची निघाली. टाकीवरची अक्षरं निम्मी झिजलेली, पण बोट फिरवलं की 'मेड इन जर्मनी' अजून लागतं.

दादाचा बेत पाच मिनिटांत तयार झाला. टाकीच्या तळाला ड्रिलने भोक पाडायचं, वायर वर घ्यायची, आत पिवळा एलईडी बसवायचा, बाहेरून बफिंग करून सोन्यासारखी चकचकीत करायची आणि नव्या बंगल्याच्या पोर्चमध्ये टांगायची. पुतणीचं लग्न फेब्रुवारीत. तिच्या डेकोरेटरकडे म्हणे अशा वीस बत्त्या आहेत, सगळ्यांत बल्ब. 'आत्या, व्हिंटेज लूक येतो गं,' असं ती म्हणाली.

मी नको म्हटलं. एवढं जोरात म्हटलं की वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या! तेव्हा मला नीट कारण देता आलं नव्हतं, म्हणून आता लिहितेय. (दादा वाचणार आहेच. वाच रे बाबा.)

माझं म्हणणं एवढंच आहे की बत्ती दुरुस्त करणं म्हणजे ती पेटली पाहिजे. दिसायला नवी झाली आणि पेटत नाही, तर ती दुरुस्त झाली नाही, तिचा पुतळा झाला. आणि भोक पाडलेली टाकी पुन्हा कधीच हवा धरत नाही. म्हणजे आपण एक चालू शकणारी वस्तू कायमची बंद करतो आणि त्याला जतन म्हणतो.

हे यंत्र इतकं सरळ आहे की त्याचा खेळ समजला तर भोक पाडायला हात धजणार नाही. खाली रॉकेलची टाकी. पंपाने तिच्यात हवा भरायची. हवेच्या दाबाने रॉकेल नळीतून वर चढतं. ही नळी ज्योतीच्या शेजारून जाते, त्यामुळे तापलेली असते आणि रॉकेलची आतल्या आत वाफ होते. ती वाफ केसाएवढ्या भोकाच्या निपलमधून सुसाट सुटते, जाताना बाहेरची हवा ओढून घेते आणि मेंटलमध्ये जाऊन जळते. पण सुरुवातीला नळी थंड असते, म्हणून वाटीत स्पिरीट जाळून ती आधी तापवायची. इथे घाई केली की वाफेऐवजी रॉकेलच वर येतं आणि छपरापर्यंत भडका! लहानपणी आम्हा पोरांना बत्तीच्या आसपास फिरकू देत नसत ते त्यासाठी. आजोबांचा आवाज अजून कानात आहे, 'बत्तीले हात लावू नको!'

आणि मेंटल. कापडी पिशवी. पहिल्यांदा पेटवली की कापड जळून जातं आणि मागे राखेचा सांगाडा उरतो. उजेड देतो तो हा सांगाडा. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअरने 1891 च्या सुमारास थोरियम आणि चिमूटभर सेरियमचं मिश्रण शोधलं, त्याची ही करामत. थोरियम यायचं मोनाझाइट नावाच्या वाळूतून. 1909 मध्ये त्रावणकोरहून परदेशी गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत शॉम्बर्ग नावाच्या एका जर्मन माणसाला ते सापडलं. म्हणजे बघा, काथ्याबरोबर आपल्या किनाऱ्यावरची वाळू गेली आणि तिच्यावर जर्मन बत्त्या पेटल्या. (थोरियम किंचित किरणोत्सारी असतं. जुन्या मेंटलची राख फुंकू नका, हाताला लागली तर धुवा. आता बऱ्याच मेंटलांत दुसरीच द्रव्यं असतात.)

असो. तर आठ दिवस मी ही बत्ती घेऊन बसले.

टाकी आधी पाण्यात बुडवून पाहिली. बफिंगपेक्षा कितीतरी आधी करायचं काम हे. पंप मारून बुडवायची आणि बुडबुडे येतात का बघायचं. जुन्या पितळेला कधीकधी बारीक चिरा जातात, नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. चीर निघाली असती तर मी गप्प बसून दादाच्या हातात ड्रिल दिलं असतं, खरंच. फुटकी टाकी दाबाखाली पेटवणं हा जतनाचा नव्हे, आत्महत्येचा प्रकार आहे. पण बुडबुडे फक्त पंपाच्या तोंडाशी आले. तिथलं चामड्याचं वॉशर वाळून कडक झालं होतं. ते शिवणयंत्राच्या तेलात रात्रभर भिजवलं, सकाळी मऊ. आईने गोडेतेल सुचवलं होतं, पण खाण्याची तेलं काही महिन्यांनी चिकट होतात. पंपाच्या बुडाशी एक छोटा व्हॉल्व असतो, त्यातल्या रबराच्या गोळीचा दगड झाला होता. हीच खराब झाली की रॉकेल उलटं पंपात शिरतं. ती, शिशाचं एक वॉशर, निपल, पीन आणि दोन मेंटल एवढं सामान बऱ्हाणपूरला एका जुन्या हार्डवेअरच्या दुकानात मिळालं. दुकानदाराने पीन काढून देताना विचारलं, 'शोपीस है ना?' जाळणार आहे म्हटल्यावर त्याने मेंटलचे पैसे घेतले नाहीत.

सगळ्यात मोठी अडचण रॉकेल! ज्या गावात रेशनच्या निळ्या रॉकेलच्या रांगेत मी डबा घेऊन उभी राहिलेय, तिथे एक लिटर मिळायला चार दिवस गेले. मध्ये एका हितचिंतकाने विचारलं, 'पेट्रोल चालेल का?' चालेल की. एकदाच.

बाहेरून मी फक्त कोमट पाणी, साबण आणि फडकं वापरलं. त्यावर निकेलचा मुलामा आहे. बफिंगच्या चाकाखाली तो जातो, मग चकाकतं ते खालचं पितळ. आधीच निम्मी राहिलेली अक्षरंही जातात. शिवाय टाकीच्या बुडाला एका बाजूने पोचे आहेत. भांडीवाला म्हणाला ताई, हे ठोकून सरळ करतो. तेही मी नको म्हटलं, आणि खरा मुद्दा इथे आहे.

हे पोचे कशाचे ते घरात मला एकटीलाच आठवत होतं. आजोबांची ही बत्ती घरापुरती नव्हती. रात्री स्टेशनवर केळीचे घड वॅगनीत भरायचे असले की ती तिकडे जायची, भाऊबंदांच्या लग्नात वरातीला जायची. आमच्याकडे एक सालदार होते, बत्ती त्यांच्याच हातची. तेच पेटवायचे, तेच पुसायचे, आणि वरातीत डोक्यावर चुंबळ ठेवून तेच घ्यायचे. भरलेली बत्ती तीन किलोच्या आसपास. वरात दर चौकात थांबायची, बँड पंधरा मिनिटं वाजायचा, नाचणारे नाचायचे. बत्ती डोक्यावरच. 1970 च्या पुढेमागे एका वरातीत नाचणाऱ्या कुणाचा तरी धक्का लागला आणि बत्ती खाली आली. काच फुटली, टाकी चेपली, त्यांच्या मानेवर रॉकेल सांडलं. पेट घेतला नाही हे नशीब. मी तेव्हा पाच-सहा वर्षांची असेन. मला आठवतं ते एवढंच की सगळे जण बत्तीचं काय झालं ते बघत होते.

आणि आता लाजेची गोष्ट. मला त्यांचं नाव आठवत नाही. आम्ही पोरं त्यांना बत्तीबाबा म्हणायचो. दादाला आठवेना, आईला आठवेना. आजोबांना ही बत्ती केवढ्याला पडली ते मात्र घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे.

लग्नाच्या मांडवात वीस बत्त्या बल्ब घालून टांगल्या की मला त्रास होतो तो याचा. त्या उजेडाला आवाज नाही, वास नाही, वजनही नाही. त्याच्याखाली कुणी उभं होतं हे त्यातून कळायला मार्ग नाही. जुना काळ छान होता असं माझं म्हणणं मुळीच नाही हं. रॉकेलचा धूर, भडके, भाजलेले हात, जे गेलं ते बरंच झालं. 2005 नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत, दहा-दहा तास वीज नसताना, बत्ती माळ्यावरच होती आणि ती काढावी असं कुणालाही वाटलं नाही, मलाही नाही. आणि डोक्यावरचं ओझं तरी कुठे गेलंय? आजही वरातीत दिव्यांच्या छत्र्या डोक्यावर घेऊन माणसं चालतातच, वायरीने एकमेकांना जोडलेली, मागे जनरेटरची गाडी. दिवा बदलला, बाकी सगळं तसंच आहे. पुतणीला मी हे सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, 'आत्या, लग्नात एवढं कोण बघतं?' तेच तर.

भाऊबीजेच्या रात्री अंगणात बत्ती पेटवली. वाटीत स्पिरीट, दीड-दोन मिनिटांची निळी ज्योत, मग पंप. पहिल्या खेपेला मी घाई केलीच आणि हातभर भडका उडाला, वहिनी किंचाळल्या. हवा सोडली, थंड होऊ दिली, पुन्हा सुरुवात. दुसऱ्या खेपेला मेंटलने आधी काळपट, मग लालसर रंग धरला आणि मग एकदम पांढराशुभ्र उजेड पडला. सूंऽऽऽ असा तो आवाज. कंपनी पाचशे मेणबत्त्यांइतका उजेड सांगायची. खरं-खोटं माहीत नाही, पण समोरच्या घरातले लोक गच्चीवर आले. आई ओट्यावर येऊन बसली. काही बोलली नाही, नुसती ऐकत होती.

पाऊण तासाने उजेड पिवळा पडायला लागला तेव्हा दादा आपण होऊन उठला आणि त्याने पंप मारला. मग फोन काढून सावद्याच्या काकूंना लावला. काकूंचं वय नव्वदीला टेकलंय, ऐकू कमी येतं. हा अंगणातून ओरडून विचारतोय, 'काकू, आपली बत्ती कोण घ्यायचं डोक्यावर? नाव काय त्यांचं?' तिकडून काकू बराच वेळ कुणाच्या तरी लग्नाबद्दल सांगत राहिल्या. नाव त्यांनाही आठवलं नाही. पण म्हणाल्या, त्याची मुलगी पालला दिलेली, तिकडे विचारा.

ड्रिल सध्या पेटीत आहे. बत्ती रावेरलाच, पडवीत खुंटीला टांगलेली. अर्धा लिटर रॉकेल उरलंय. संक्रांतीला दादा आणि मी पालला जाणार आहोत.