क्लिकचा लिलाव आणि मेसचे पैसे

हॉस्टेलवर दर वर्षी एखादी नवी टूम येते. कधी शेअर बाजार, कधी साखळी पद्धतीने साबण-शांपू विकणं, कधी आणखी काही. सध्या रात्री अकरानंतर विंगमध्ये जी चर्चा रंगते ती ॲफिलिएट मार्केटिंगची. स्वतःचा माल नको, दुकान नको, गोडाऊन नको. दुसऱ्याच्या वस्तूची लिंक घ्यायची, गूगलवर जाहिरात लावायची, कोणी क्लिक करून खरेदी केली की कमिशन आपलं. झोपेतसुद्धा पैसे! हे शिकवणारे कोर्सही विकत मिळतात, आणि फर्स्ट इयरची पोरं घरून आलेले मेसचे पैसे त्यात घालायला निघतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हा विषय इंजिनीअरने अभ्यासावा इतका सुंदर आहे. पण ज्या पद्धतीने तो आपल्या गळ्यात मारला जातो, त्या पद्धतीने पैसे घालण्याच्या मात्र अजिबात लायकीचा नाही. का, ते आकड्यांनी सांगतो.

एखाद्या पर्यटनाच्या गावी एसटी स्टँडवर उतरलात की "रूम पाहिजे का रूम?" म्हणत मागे लागणारा माणूस आठवा. तो लॉजचा मालक नाही. गिऱ्हाईक पोचवलं की मालक त्याला कमिशन देतो. ॲफिलिएट म्हणजे हाच माणूस. ॲमेझॉनने १९९६ मध्ये अशा लोकांसाठी योजना काढली आणि पुढे हा धंदा जगभर पसरला. फरक एवढाच, की सर्चच्या जाहिरातीत या माणसाला स्टँडवर फुकट उभं राहता येत नाही. प्रत्येक वेळी कोणी थांबून "हां, बोला" म्हटलं, की त्याने स्टँडवाल्याला पैसे मोजायचे. मग तो प्रवासी रूम घेवो अथवा नुसता भाव विचारून पुढे जावो!

आता उभं राहायची सगळ्यात चांगली जागा कोणाला? त्यासाठी लिलाव. क्लिकचा लिलाव हा प्रकार बिल ग्रॉस यांच्या गोटू डॉट कॉम या कंपनीने १९९८ मध्ये चालू केला. ज्याची बोली मोठी तो वर, आणि जेवढी बोली तेवढे पैसे. बोल्या सगळ्यांना दिसायच्या. त्यामुळे दोघेजण एकेक सेंटने एकमेकांवर चढत जायचे, एकाचा दम संपला की तो धाडकन खाली यायचा, मग दुसराही खाली, आणि परत पहिल्यापासून सुरू. या बोलीचा आलेख काढला तर करवतीच्या दात्यांसारखा दिसतो.

गूगलने २००० मध्ये जाहिराती सुरू केल्या आणि २००२ मध्ये या लिलावात दोन बदल केले. पहिला म्हणजे नुसती बोली न बघता जाहिरातीवर किती लोक क्लिक करतात तेही बघायचं. समजा एकाने १० रुपये बोली लावली, पण त्याच्या जाहिरातीवर शंभरातला १ जण क्लिक करतो. दुसऱ्याने ५ रुपये लावले, त्याच्यावर शंभरातले ३ जण क्लिक करतात. १० गुणिले १ म्हणजे १०. ५ गुणिले ३ म्हणजे १५. दुसरा वर! दुसरा बदल असा, की जिंकणाऱ्याने आपली पूर्ण बोली भरायची नाही, खालच्याला मागे टाकण्यापुरतेच पैसे द्यायचे. म्हणजे इथे १० भागिले ३, साधारण ३ रुपये ३४ पैसे. आज या गणितात आणखी बऱ्याच गोष्टी मिसळल्या आहेत. जाहिरात शोधाशी किती जुळते, क्लिक केल्यावर उघडणारं पान कसं आहे, शोधणारा कुठे आहे, वगैरे. पण गाभा तोच.

यात एक मेख आहे. विल्यम विकरी या अर्थतज्ज्ञाने १९६१ मध्ये दाखवलं होतं, की एकाच वस्तूचा असा 'दुसऱ्या किमतीचा' लिलाव असेल तर खरी किंमत बोलणं हेच फायद्याचं. पुढे १९९६ मध्ये त्याला नोबेल मिळालं. पण गूगलच्या लिलावात एक वस्तू नसते, वर-खाली अनेक जागा असतात. तिथे हा नियम लागू पडत नाही, असं एडेलमन, ओस्ट्रोव्हस्की आणि श्वार्झ या तिघांनी २००७ च्या पेपरात सिद्ध केलं. तेव्हा "आपली खरी किंमत टाका, बाकी सिस्टीम बघून घेते" असं कोणी सांगितलं तर लगेच मान डोलवू नका.

आता खिशाचं गणित करू. समजा २००० रुपयांची वस्तू आहे आणि कमिशन ८ टक्के, म्हणजे १६० रुपये. शंभर क्लिकमागे २ जण खरेदी करतात असं धरा. मिळाले ३२०. म्हणजे एका क्लिकला ३ रुपये २० पैसे ही आपली लक्ष्मणरेषा. क्लिक ३ रुपयांना मिळाला तर शंभर क्लिकमागे नफा २० रुपये. दोनातली एक वस्तू परत गेली तर तोटा १४०! शिवाय क्लिकचे पैसे लगेच कापले जातात, आणि कमिशन पक्कं होतं ते वस्तू परत करायची मुदत संपल्यावर. मधल्या काळात मेसवाल्याला काय सांगणार?

पुढचं गणित एम-थ्रीमध्ये प्रॉबॅबिलिटी शिकलेल्या कोणालाही येईल. खरेदीचा दर खरोखरच २ टक्के असला, तरी शंभर क्लिकमध्ये एकही विक्री न होण्याची शक्यता ०.९८ चा शंभरावा घात, म्हणजे सुमारे १३ टक्के. दर सात-आठ वेळांतून एकदा पाटी कोरी. उलट नशिबाने चार-पाच विक्र्या झाल्या की पोरगं विंगभर पेढे वाटतं आणि दुसऱ्या दिवशी बजेट दुप्पट करतं. दोन्ही वेळा कळलेलं काहीच नसतं. ३ रुपयांच्या क्लिकला तोटा टाळायचा तर दर १.८७५ टक्के हवा. आपला दर २ आहे की १.८७५ हे दोन सिग्माच्या खात्रीने ठरवायला साधारण पन्नास हजार क्लिक लागतात. म्हणजे दीड लाख रुपये! आणि त्यावर अपेक्षित नफा किती? दहा हजार.

बरं, हे सगळं आपण एकटेच असल्यासारखं झालं. तीच लिंक, तेच दुकान आणि तेच कमिशन आणखी पन्नास जणांकडे आहे. त्यांचीही लक्ष्मणरेषा ३.२० च्या आसपासच. मग कोणीतरी ३.१० करतो, कोणी ३.१५. शेवटी वर जातो तो बहुतेक वेळा सगळ्यात हुशार नसतो, तर ज्याचा अंदाज सगळ्यात जास्त चुकलेला असतो तो. त्यातच गूगलने जानेवारी २००५ मध्ये नियम केला, की एका शोधाला एकाच साइटकडे नेणारी एकच जाहिरात दिसेल. त्याआधी पाच-सहा ॲफिलिएट एकाच दुकानाच्या जाहिराती एकाखाली एक लावू शकत होते. त्या नियमानंतर सरळ दुकानाकडे नेणाऱ्या सगळ्यांची भांडणं एका खुर्चीसाठी सुरू झाली, आणि त्या खुर्चीसाठी खुद्द दुकानदारही उभा! त्याच्याकडे पूर्ण मार्जिन, आपल्याकडे त्यातला तुकडा. कुस्ती कोण जिंकणार हे सांगायला पैलवान असायची गरज नाही.

मग 'शॉर्टकट' शिकवला जातो: दुकानाच्या नावावरच बोली लावा, तिथे लोक हमखास खरेदी करतात. अहो, करणारच! प्रवासी लॉजचं नाव विचारत लॉजच्या दारापर्यंत आलेला आहे, आणि आपण पायरीवर त्याचा हात धरून आत नेतो आणि मालकाकडे कमिशन मागतो. हे काम झालं का? ईबेच्या तीन अर्थतज्ज्ञांनी प्रयोग केला होता. ईबे या नावावरच्या जाहिराती बंद केल्या, तर गेलेल्या क्लिकपैकी ९९.५ टक्के लोक फुकटच्या निकालांतून आपणहून आले. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दुकानदारांना ही गोष्ट त्याआधीच कळायला लागली होती. सर्चच्या जाहिरातीतून आणलेल्या गिऱ्हाईकावर उत्तर अमेरिकेत कमिशन देणं ॲमेझॉनने १ मे २००९ पासून बंद केलं. एका घोषणेने कित्येकांचा धंदा बसला. आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितलं, की दुसऱ्याचा ट्रेडमार्क कीवर्ड म्हणून वापरणं म्हणजे आपोआप गुन्हा नाही, पण त्याने लोकांची फसगत होत असेल तर तो हक्कभंग ठरू शकतो. तेव्हा 'सगळेच करतात' हे उत्तर प्रत्येक वेळी चालेलच असं नाही.

या सगळ्यात कायम कमावतो कोण? ज्याचं स्टँड आहे तो. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने निकाल दिला, की सर्चमधल्या मजकुराच्या जाहिरातींतही गूगलची मक्तेदारी आहे आणि स्पर्धेचा धाक नसल्यामुळे तिला दर चढे ठेवता येतात. म्हणजे आपण खेळतो तो लिलाव, आणि हातोडा ज्याच्या हातात त्याचाच बाजार.

आता कोणी म्हणेल, "अरे, पण काही लोक कमावतात ना यात!" कमावतात, नक्की कमावतात. पण नीट बघा ते काय करतात. त्यांनी स्वतः वस्तू वापरून बघितलेल्या असतात. लॅपटॉपची तुलना करणारं पान, घरच्या छतावर किती सोलर पॅनल बसतील ते काढून देणारं कॅल्क्युलेटर, असं काहीतरी त्यांचं स्वतःचं असतं. गिऱ्हाईक दुकानात जाण्याआधी शहाणं होऊन जातं. चांगल्या पानामुळे लिलावात क्लिकही स्वस्त पडू शकतो, आणि फुकटातसुद्धा लोक येतात. म्हणजे वर जायचे दोन रस्ते: बोली वाढवणं आणि उपयोगी पडणं. पहिल्याला पैसे लागतात, ते आपल्याकडे नाहीत. दुसऱ्याला डोकं आणि मेहनत लागते. ती तर आपण चार वर्षं शिकतोय!

म्हणून ज्युनिअर मित्रांना सांगणं एवढंच. मेसचे आणि फीचे पैसे यात घालू नका. आधी एक पान असं बनवा, की ज्यावर कमिशन नसतं तरी लोक आले असते. सेकंड हँड पुस्तकं, गेटची तयारी, हॉस्टेलला चालेल असा कूलर, काहीही. फुकट येणारे वाचक त्या पानावर थांबत नसतील, तर विकत आणलेले कशाला थांबतील? ते जमल्यावर जाहिरात लावायचीच असेल तर सिनेमाच्या तिकिटाएवढी रक्कम ठरवा, आणि ती गेली असंच समजा.

आणि सरांना, मॅडमना एक विनंती. प्रॉबॅबिलिटीच्या तासाला अजूनही लाल आणि निळे चेंडू पिशवीतून काढले जातात. एक दिवस हा क्लिकचा लिलाव फळ्यावर मांडा. शेवटच्या बाकावरचेसुद्धा मोबाईल खाली ठेवून ऐकतील, आणि कदाचित दोन-चार घरचे पैसे वाचतील. रात्री अकराला विंगमध्ये जो 'सर' बनून शिकवतो, त्याच्यापेक्षा तुम्ही शिकवलेलं केव्हाही बरं. पटतंय का बघा!