विश्लेषण : आरोग्य योजना सर्वांसाठी, मग चंदगडच्या रुग्णाला कोल्हापूर लांब का?

राज्यातील प्रत्येक शिधापत्रिकाधारक कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत मोफत उपचार मिळतील, असे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सांगते. पिवळे, केशरी, पांढरे असा भेदही आता उरलेला नाही. कागदावर चंदगडचा शेतमजूर आणि कोल्हापूरच्या ताराबाई पार्कातला व्यापारी एका रांगेत आले. पण छातीत कळ आली, तर व्यापारी काही मिनिटांत रुग्णालयात पोहोचतो आणि शेतमजुराला जिल्ह्याच्या ठिकाणी यायला शंभर किलोमीटरहून अधिक अंतर तोडावे लागते. सरकारी पैसा आणि खासगी रुग्णालय यांच्या भागीदारीने उपचाराच्या बिलाचा प्रश्न बराच सोडवला. अंतराचा प्रश्न तिने हाती घेतलेलाच नाही.

ही भागीदारी चालते कशी?

आंध्र प्रदेशात २००७ मध्ये सुरू झालेल्या आरोग्यश्री योजनेच्या धर्तीवर महाराष्ट्राने २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत आणली. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती कोल्हापूरसह राज्यभर लागू झाली आणि २०१७ मध्ये तिचे नाव बदलले. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०२० पासून तिच्याशी जोडली गेली. विम्याचे संरक्षण आधी दीड लाखाचे होते. ते ५ लाख करून सर्वांना खुले करण्याचा निर्णय जुलै २०२३ मध्ये झाला आणि १ जुलै २०२४ पासून तो अमलात आला.

खर्च सरकार करते. उपचार सरकारी किंवा योजनेत सामील, म्हणजे ‘अंगीकृत’, खासगी रुग्णालयात होतात. प्रत्येक शस्त्रक्रियेचा दर आधीच ठरलेला असतो. रुग्ण दाखल झाला की आरोग्यमित्र कागदपत्रे तपासतो, रुग्णालय ऑनलाइन मंजुरी मागते, उपचारानंतर दावा दाखल होतो. ठरलेल्या दरात तपासण्या, औषधे, जेवण आणि घरी परतण्याचे एसटीचे भाडेही धरलेले आहे. रुग्णालयात येण्याचे भाडे मात्र नाही. सोबतच्या नातेवाइकाचा बुडालेला रोज आणि शहरातला मुक्काम तर नाहीच.

मग अडते कुठे?

खासगी रुग्णालय तिथेच उभे राहते, जिथे डॉक्टर राहायला तयार असतो आणि खाटा भरतात. कोल्हापूर जिल्ह्यात अशा जागा म्हणजे शहर आणि त्याचा परिसर, इचलकरंजी आणि काही प्रमाणात गडहिंग्लज. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड हा सगळा डोंगराळ पट्टा या नकाशात मागे पडतो. योजनेचे कार्ड तिथेही मिळते. ते वापरायचे तर खाली उतरावे लागते.

शिवाय कोल्हापूर हा ऊस, दूध आणि फौंड्रीचा सधन जिल्हा. आयुष्मान भारतच्या दररचनेत ‘आकांक्षित’ म्हणजे मागास जिल्ह्यांतील रुग्णालयांना १० टक्के जादा दर देण्याची सोय आहे. राज्यातून त्या यादीत नंदुरबार, वाशीम, धाराशिव आणि गडचिरोली आहेत. कोल्हापूर नाही, आणि जिल्ह्याची सरासरी पाहिली तर ते चूकही नाही. पण रुग्ण सरासरीत राहत नाही, तो गगनबावड्यात राहतो. सवलतीचे एकक जिल्हा न धरता तालुका धरला असता, तर गडहिंग्लज किंवा चंदगडमध्ये रुग्णालय काढू पाहणाऱ्या डॉक्टरचा हिशेब वेगळा झाला असता.

चंदगडची अडचण आणखी निराळी. तिथून बेळगाव चाळीस किलोमीटरच्या आसपास. लोक वर्षानुवर्षे उपचाराला तिकडेच जातात. सीमेलगतच्या आठ जिल्ह्यांत १४० आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांत दहा जादा रुग्णालये योजनेत घेण्याचे २०२३ च्या शासन निर्णयात आहे. त्यामागे सीमाभागातील ८६५ मराठी गावांचा विचार होता. कर्नाटक सरकारने त्याला हरकत घेतली. आजारी माणसाच्या दृष्टीने हा सीमावाद नव्हे, जवळच्या दवाखान्याचा प्रश्न आहे. दोन्ही राज्यांनी तो तेवढाच ठेवायला हवा होता.

‘थोरला दवाखाना’ कुठे बसतो?

जुने कोल्हापूरकर सीपीआरला, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाला, आजही थोरला दवाखाना म्हणतात. जिल्ह्यातूनच नव्हे, तर सिंधुदुर्ग आणि सीमाभागातूनही रुग्ण इथे येतात. या योजनेत सरकारी रुग्णालयालाही दाव्याचे पैसे मिळतात, हे अनेकांना ठाऊक नसते. सीपीआरमध्ये झालेल्या शस्त्रक्रियेची रक्कम रुग्णालयाकडे येऊ शकते. मात्र त्यासाठी मंजुरी वेळेत घेणारे कर्मचारी हवेत, यंत्रे चालू हवीत आणि पदे भरलेली हवीत. ते नसले की रुग्ण खासगीत जातो आणि त्याच्यामागून सरकारचाच पैसाही.

भागीदारी म्हणजे सरकारने अंग काढून घेणे, अशी समजूत झाली की काय होते, ते आफ्रिकेतील लेसोथोने पाहिले. तिथे राजधानीतले मोठे रुग्णालय बांधून चालवण्याचा १८ वर्षांचा करार खासगी समूहाशी झाला. २०११ मध्ये ते सुरू झाले, सेवाही सुधारली. पण देशाच्या आरोग्य खर्चातला मोठा वाटा त्या एका इमारतीत जाऊ लागला. ऑक्सफॅमने २०१४ मध्ये तो निम्म्यावर असल्याचे म्हटले. जागतिक बँकेने तो आकडा मान्य केला नाही. २०२१ मध्ये सरकारने करारच संपवला.

महाराष्ट्राचा करार तसा नाही, पण देखरेखीची गरज इथेही तितकीच आहे. आयुष्मान भारतच्या नोंदींत सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाला जोडलेले असल्याचे ‘कॅग’ने २०२३ च्या अहवालात दाखवून दिले होते. दुसरीकडे दर परवडत नाहीत, दाव्याचे पैसे महिनोन्‌महिने येत नाहीत, ही खासगी रुग्णालयांची जुनी तक्रार आहे. मोठे रुग्णालय हा उशीर पचवते. तालुक्यातले वीस खाटांचे पचवू शकत नाही. ते योजनेतून बाहेर पडते किंवा रुग्णाकडे ‘वरचे’ पैसे मागते. दोन्हींचा भुर्दंड त्याच डोंगरी रुग्णाला.

यावर करता काय येईल?

मिरजेत डॉ. वॉन्लेस यांचे मिशन रुग्णालय १८९४ मध्ये सुरू झाले, तेव्हा मिरज काही महानगर नव्हते. रुग्णालय आले, मागून डॉक्टर आले आणि गावच वैद्यकीय केंद्र झाले. डोंगराळ तालुक्यांसाठी इतके मोठे स्वप्न नको. गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयात खासगी हृदयरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या मानधनावर येऊ शकतात. दुर्गम तालुक्यांतल्या छोट्या रुग्णालयांचे दावे आधी निकाली काढता येतील. कोणत्या तालुक्यातल्या किती रुग्णांनी योजनेतून उपचार घेतले आणि त्यासाठी ते किती लांब गेले, ही माहिती दर तिमाहीला जाहीर करायला तर नवा पैसाही लागत नाही. नोंदी सगळ्या ऑनलाइन आहेतच.

२०१४ पासून खासगी कंपनीमार्फत चालणारी १०८ रुग्णवाहिका ही या भागीदारीची दुसरी बाजू. सुरुवातीला ९३७ रुग्णवाहिका आणि सोबत डॉक्टर, अशी तिची रचना होती. ती डोंगरातून रुग्णाला खाली आणते. तो प्रवास किती तासांचा असावा, हे मात्र रुग्णालय कुठे आहे त्यावर ठरते, आणि ती जागा ठरवण्याचे काम सरकारने अजून बाजारावर सोडलेले आहे.