बँड फुटला, अल्बम उरला

कॉलेज संपलं की बँडही संपतो. शहापूर-मुरबाडकडे हे नवं नाही. एकजण नोकरीसाठी पहाटेची कसारा लोकल धरतो, दुसरा हळदीत बेंजो पार्टीबरोबर वाजवतो. प्रॅक्टिस कधी करणार? मग तो बँड फुकट गेला का?

अमेरिकेतल्या लुइव्हिल शहराचा ‘स्लिंट’ बघा. १९८६ मध्ये टीनएजर पोरांनी तो काढला. ऑगस्ट १९९० मध्ये त्यांनी चार दिवसांत सहा ट्रॅक रेकॉर्ड केले. मार्च १९९१ मध्ये ‘स्पायडरलँड’ अल्बम आला, तोवर बँड फुटलेला! पुढे १९९४ मध्ये समीक्षक सायमन रेनॉल्ड्स यांनी रॉकचीच वाद्यं घेऊन वेगळा नाद शोधणाऱ्या संगीताला ‘पोस्ट-रॉक’ म्हटलं. आज त्या शैलीचा पाया सांगताना ‘स्पायडरलँड’चं नाव हमखास निघतं. २००५ मध्ये स्लिंट पुन्हा स्टेजवरही आला.

म्हणजे बँड टिकला नाही, रेकॉर्डिंग टिकलं. आपण मात्र गॅदरिंगला दुसऱ्यांचीच गाणी वाजवतो. स्वतःची धून कट्ट्यावरच विरते. स्टुडिओ परवडत नसेल, पण मोबाइल तर आहे ना? नाव होईलच असं नाही. पण फायनल इयरवाल्यांनो, पांगण्याआधी एक तरी धून रेकॉर्ड करून ठेवा.